घरातल्या वायरिंगला हात कोणी लावायचा?

घरातली वीज गेली की पहिला फोन जातो तो महावितरणच्या लाइनमनला. तो येतो, खांबावर बघतो, मीटरपाशी टेस्टर लावतो आणि 'सप्लाय येतोय, फॉल्ट तुमच्या आत आहे' असं सांगून निघून जातो. लोक चिडतात, पण त्याचं बरोबर असतं. मीटरपर्यंतची वायर कंपनीची, त्यापुढची आपली. मग 'आपल्या' वायरला हात लावायचा अधिकार कोणाला? आपल्याकडे याचं उत्तर सहसा 'कोपऱ्यावरचा वायरमन' असं असतं. कायद्याचं उत्तर वेगळं आहे, आणि ते बरंच जुनं आहे.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले ते १८८२ मध्ये. ते लावणारी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी वर्षभरातच बुडाली. त्याच १८८२ मध्ये लंडनला तारयंत्र आणि वीज अभियंत्यांच्या संस्थेने वायरिंगचे आपले पहिले नियम छापले. ते नियम होते विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी. शॉकपेक्षा आगीची धास्ती तेव्हा मोठी होती आणि विमा कंपन्याही याबाबत जागरूक होत्या. हिंदुस्थानात सरकारने १८८७ मध्ये विजेचा पहिला कायदा केला, तोही विजेच्या वापरातून माणसांना आणि मालमत्तेला होणारा धोका टाळण्यासाठीच. १९०३ मध्ये दुसरा आला आणि १९१० मध्ये तिसरा. हा तिसरा कायदा थेट २००३ पर्यंत टिकला. त्याच्या ३६व्या कलमाने सरकारला विद्युत निरीक्षक नेमण्याचा अधिकार दिला.

तोवर मुंबईत वीज रुळली होती. १९०५ मध्ये पुरवठा आणि ट्रामसाठी कंपनी उभी राहिली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली आणि १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत शहरात पोचली. त्या काळच्या घरांत भिंतीवर सागवानी पट्ट्या असत. पट्टीत दोन खोबणी, प्रत्येकीत रबर आणि सुती विणीची एकेक वायर, वरून लाकडी झाकण. हे केसिंग-कॅपिंग बसवायचं तर भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकाव्या लागत आणि कोपऱ्यात पट्टी तिरकी कापून सांधावी लागे. वायरमन निम्मा सुतार असे. पुढे बॅटनवर, म्हणजे साध्या लाकडी पट्टीवर, क्लिपा मारून वायर टाकायला लागले, त्यानंतर पीव्हीसीचे पाइप आले आणि वायर भिंतीच्या पोटात गेली. माझ्या मते खरी अडचण तिथून सुरू झाली. उघड्यावरची चूक जाता-येता दिसायची. प्लास्टरखालची चूक दिसत नाही, ती मोजूनच सापडते.

'अधिकार कोणाचा' याचं नेमकं उत्तर १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या ४५व्या नियमात मिळतं. नवीन वायरिंग, वाढीव काम, फेरफार, दुरुस्ती या सगळ्यांसाठी तीन माणसं लागतात. काम घेणारा ठेकेदार राज्य सरकारचा परवानाधारक हवा. देखरेख करणाऱ्याकडे सक्षमतेचं प्रमाणपत्र हवं. आणि प्रत्यक्ष पकड-पेचकस हातात धरणाऱ्याकडे त्याचं स्वतःचं परमिट हवं. सूट दिली आहे ती दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलण्यापुरती, तीही मूळ जोडणीची क्षमता आणि स्वरूप बदलत नसेल तरच. म्हणजे बिघडलेला स्विच त्याच जातीचा बसवायला तुम्हाला कोणाची परवानगी नको. पण दिव्याच्या बारीक वायरीवरून गीझरसाठी पॉवर पॉइंट काढलात, तर ते काम परवान्याशिवाय करता येत नाही. नियम मोडून केलेल्या कामाला वीज जोडायची नाही, हेही त्याच नियमात आहे. २०१० मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाने नवे सुरक्षा नियम आणले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी आणखी नवे, पण ही तीन माणसांची साखळी तुटलेली नाही.

ही माणसं घडतात कुठे? १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, आयटीआय तिच्यातून वाढल्या. त्यांच्या मराठी माहितीपत्रकात दोन सुंदर शब्द आहेत : वीजतंत्री आणि तारतंत्री. पहिला इलेक्ट्रिशियन, दुसरा वायरमन. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे. पण आयटीआयचं प्रमाणपत्र म्हणजे परमिट नव्हे, ते शासनाच्या अनुज्ञापक, म्हणजे परवाने देणाऱ्या, मंडळाकडून वेगळं घ्यावं लागतं. धंद्यातली जुनी माणसं त्याला अजून 'पीडब्ल्यूडीचं लायसन' म्हणतात.

आता तपासणीचं. १९५६ च्या नियमांनुसार जोडणी देण्याआधी वायरिंगची चाचणी व्हायची : ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट, आणि वायर व जमीन यांच्यातला रोध, म्हणजे वीज गळू न देण्याची ताकद, किमान १ मेगओहम. ते मोजायचं यंत्र म्हणजे मेगर. शिवाय ४६व्या नियमाप्रमाणे जोडणी दिल्यावरही दर पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासणी, विद्युत निरीक्षकाकडून किंवा वीज कंपनीकडून. आमच्या घरी अशा तपासणीला कधी कोणी आल्याचं मला आठवत नाही, आणि तुमच्याकडे आलं असेल असंही वाटत नाही. अलीकडच्या नियमांनी ठरावीक दाबाखालच्या जोडण्यांसाठी मालकाचं स्वप्रमाणन आणलं. त्यासाठी सनदी विद्युत सुरक्षा अभियंत्याची मदत घेता येते. थोडक्यात, ज्याला मेगर म्हणजे काय हेही माहीत नाही अशा घरमालकावर जबाबदारी आली, आणि ती आल्याचं त्याला कोणी सांगितलं नाही. याचा मला मनापासून राग येतो.

कारण कागद आणि भिंत यांतलं अंतर मी पाहिलं आहे. आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा ठेकेदाराच्या सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट होता. अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी जोडणी, ठीक. रोध ठीक. तिसऱ्या पावसाळ्यात न्हाणीघरातल्या नळाला ओला हात लागला की मुंग्या यायला लागल्या. आईने दोनदा सांगितलं, मी दोनदा 'गीझर जुना झालाय' म्हटलं. शेवटी परवाना असलेला ठेकेदार शोधला. त्याच्या वायरमनने मेन बंद करून गीझरचा बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर बोर्डापर्यंत आलेली होती, पण टोक कापून मागे दुमडून ठेवलेलं. अर्थच्या पिनेला काहीच जोडलेलं नव्हतं. गीझरचा एलिमेंट गळत होता आणि त्या करंटला जमिनीत जायला वाट नव्हती. दुसऱ्या बोर्डात स्विच वीज आणणाऱ्या फेजऐवजी परतीच्या न्यूट्रल वायरवर निघाला. म्हणजे स्विच बंद केला तरी होल्डरमध्ये फेज जिवंत. न्यूट्रलवर एकटा स्विच किंवा फ्यूज बसवायचा नाही, हेही १९५६ पासून नियमांत आहे.

संध्याकाळी पर्यवेक्षक स्वतः आले. त्यांनी आधी खिशातून आपलं प्रमाणपत्र दाखवलं, मी न मागता. मग घरातली सगळी उपकरणं काढायला लावली, दिवे उतरवले आणि प्रत्येक सर्किटला मेगर लावून पूर्ण मिनिटभर मूठ फिरवली. न्हाणीघराची नवी वायर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि सुधारलेलं अर्थिंग धरून काम दोन दिवस चाललं. निघताना त्यांनी डीबीच्या, म्हणजे सगळी सर्किटं जिथून निघतात त्या पेटीच्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने प्रत्येक सर्किटचं रीडिंग, तारीख आणि आपला परवाना क्रमांक लिहिला. खाली पाच वर्षांनंतरची तारीख लिहून तिच्याभोवती गोल केला.