जुन्या पुलावरून धावण्याची स्पर्धा : परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो

नदीवरील जुन्या पुलावरून धावण्याची स्पर्धा घेऊ इच्छिणाऱ्या मंडळांचे अर्ज बहुतेक वेळा पोलिसांकडे अडतात; पण खरी अडचण त्याआधीची असते, कारण पूल कोणाच्या ताब्यात आहे हेच अर्जदाराने शोधलेले नसते. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा, नगरपालिकेचा किंवा रेल्वेचाही असू शकतो. ज्याचा पूल, त्याचेच ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

त्या प्रमाणपत्रासोबत पुलाच्या संरचनात्मक तपासणीचा अलीकडचा अहवाल मागितला जातो आणि तो अनेकदा कोणाकडेच नसतो. 2 ऑगस्ट 2016 रोजी महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि 15 जून 2025 रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरील लोखंडी पूल कोसळला. त्यानंतर जुन्या पुलावर गर्दी जमवण्यास कोणताही अभियंता सहजासहजी संमती देणार नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र तपासणी करून घेण्याचे काम अर्जदारावर ढकलून त्याला कार्यालयाच्या चकरा मारायला लावणे अन्यायाचे आहे. म्हणून सर्वांत आधी मालक विभागाकडे लेखी मागणी करा आणि एका वेळी पुलावर किती धावपटू असतील, ते किती अंतराने सोडले जातील व प्रेक्षकांना पुलावर कसे थांबू दिले जाणार नाही, हे त्या पत्रातच लिहा. ‘सुमारे पाचशे स्पर्धक’ एवढ्यावर कोणताही अभियंता निर्णय देऊ शकत नाही.

जुना पूल म्हणजे संरक्षित स्मारक असेच नाही. तो केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत आहे का, हे पुरातत्त्व कार्यालयात विचारून घ्या. केंद्रीय संरक्षित स्मारकात सभा-समारंभ किंवा करमणुकीचा कार्यक्रम करण्यास 1959 च्या नियमांनुसार केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते, त्यामुळे स्थानिक कार्यालयाच्या तोंडी होकारावर विसंबून तारीख जाहीर करू नका.

नदी ही पुष्कळदा दोन पोलीस ठाण्यांची, कधी दोन जिल्ह्यांचीही हद्द असते. एका काठाची परवानगी दुसऱ्या काठावर चालत नाही, हे शेवटच्या आठवड्यात कळून हताश झालेले आयोजक पाहिले की वाईट वाटते. अर्ज दोन्हीकडे एकाच दिवशी द्या आणि मार्गाचा नकाशा दोन्हीकडे तोच ठेवा.

वाहतूक बंद ठेवण्याचा आदेश वेगळा असतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 115 नुसार महिन्याहून कमी काळाच्या निर्बंधाला राजपत्रातील अधिसूचना लागत नाही, पण स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. तिच्यासाठी वेळ राखून ठेवा. रुग्णवाहिकेचा पर्यायी मार्ग नकाशावर दाखवा.

संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, जबाबदार व्यक्तीचे ओळखपत्र, वैद्यकीय व्यवस्थेचे पत्र आणि स्वयंसेवकांची यादी ही कागदपत्रे नेहमीचीच. ध्वनिक्षेपकाची परवानगी मात्र नीट वाचावी : रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत तो उघड्यावर वापरण्यास बंदी असल्याने पहाटे साडेपाचच्या सुरुवातीला घोषणा करता येत नाहीत. सुरुवात सहानंतर ठेवा किंवा ध्वनिक्षेपकाशिवायची व्यवस्था अर्जातच नमूद करा.

आवक क्रमांक मिळाला म्हणजे परवानगी मिळाली, असा समज करून घेऊ नका. नोंदणी शुल्क घेणे सुरू करा ते सहीशिक्क्याचा आदेश दोन्ही काठांवरून हातात आल्यावरच.