अंडी पेटीतच मिळावीत म्हणून : कोंबड्या पाळणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून अंडी घालण्याची पेटी नेल्यावर काही आठवड्यांनी अनेक ग्राहक एकाच तक्रारीसाठी पुन्हा संपर्क साधतात. पेटी खुराड्यात नीट बसवलेली असते, आत स्वच्छ पेंढा घातलेला असतो, आणि तरीही कोंबड्या अंडी घालतात त्या खुराड्याच्या कोपऱ्यात, झुडपाच्या बुडाशी किंवा रचून ठेवलेल्या लाकडांच्या आड. अशा वेळी पेटी सदोष आहे किंवा कोंबड्याच हट्टी आहेत असे वाटणे साहजिक आहे; पण आमच्या अनुभवात या दोन्ही गोष्टी क्वचितच खऱ्या ठरतात. बहुतेक वेळा कोंबडीला तिच्या दृष्टीने पेटीहून अधिक सुरक्षित जागा सापडलेली असते. म्हणून दुसरी पेटी विकत घेण्यापूर्वी आहे ती पेटी हलवून पाहावी, अशी आमची प्रत्येक ग्राहकाला विनंती आहे, आणि ती कुठे व कशी हलवावी हे समजावे यासाठी हे पत्रक पेटीसोबत देत आहोत.

कोंबडी जागा कशी निवडते

पाळीव कोंबडीची मूळ पूर्वज असलेली लाल रानकोंबडी जमिनीवर, दाट झुडपाखाली, उथळ खळग्यात पाने आणि गवत अंथरून अंडी घालते. माणसाच्या सोबतीने पिढ्यान्‌पिढ्या राहूनही पाळीव कोंबडीची ही ओढ गेलेली नाही. पाठीशी आडोसा, डोक्यावर छत, मंद उजेड आणि पायाने उकरता येईल असे मऊ अंथरूण एवढे मिळाले की ती जागा तिला पसंत पडते. त्यातच तिथे आधीचे एखादे अंडे दिसले, तर ती जागा सुरक्षित असल्याची जणू खूणच तिला पटते.

अंडे घालण्याच्या साधारण तास-दीड तास आधी कोंबडीकडे शांतपणे पाहिले, तर ही निवड प्रत्यक्ष घडताना दिसते. ती कळपापासून बाजूला होते, लांबलेल्या, कुरकुरल्यासारख्या आवाजात बोलू लागते आणि एकेका आडोशापाशी जाऊन मान आत घालते. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने आतला अंदाज घेते, मागे सरते, पुन्हा येते. एकदा आत शिरली की ती स्वतःभोवती फिरते, छाती खाली दाबून पेंढ्यात खळगा करते आणि चोचीने काड्या उचलून आपल्या अंगाशी टाकत राहते. अंडे बाहेर येण्याच्या क्षणी ती अर्धवट उभी राहते. अंडे ओलसर चकाकत खाली येते आणि त्यावरचा ओलावा पाहता पाहता वाळतो. तो वाळलेला पातळ थर कवचावरील सूक्ष्म छिद्रे झाकून जंतूंना आत शिरण्यापासून अडवतो, आणि अंडे स्वच्छ अंथरुणावर पडावे असा आमचा आग्रह असतो त्याचे हेही एक कारण आहे.

जागेचा हा शोध कोंबडी स्वतःच्या मर्जीने पुढे ढकलू शकत नाही. आदल्या दिवशी अंडाशयातून बलक सुटल्यावर मागे उरलेल्या पुटिकेतील (बलक ज्यात वाढतो त्या पिशवीतील) संप्रेरकांमुळे ही अस्वस्थता ठरल्या वेळी जागी होते. संपूर्ण अंडे तयार व्हायला सुमारे २४ ते २६ तास लागतात, त्यांपैकी जवळजवळ २० तास कवच बनण्यात जातात, आणि बहुतेक अंडी सकाळच्या पहिल्या पाच-सहा तासांत घातली जातात. त्या वेळी पेटी बंद, घाणेरडी किंवा दुसऱ्या कोंबडीने अडवलेली असली, तर कोंबडी फार काळ थांबू शकत नाही आणि मिळेल तो कोपरा गाठते.

पेटीची जागा आणि आतली मांडणी

चार ते पाच कोंबड्यांना एक कप्पा पुरतो. साधारण आकाराच्या कोंबडीसाठी कप्पा लांबी, रुंदी आणि उंचीला ३० सेंटिमीटर असावा, तर भारी अंगाच्या जातींसाठी तो ३५ सेंटिमीटर ठेवावा. याहून फार मोठा कप्पा घेण्याचा मोह होतो, परंतु त्यात दोन कोंबड्या एकदम शिरतात आणि रेटारेटीत अंडी फुटतात. सगळ्या कोंबड्या एकाच कप्प्यासमोर ताटकळत उभ्या राहतात आणि शेजारचा कप्पा रिकामा राहतो, असेही पुष्कळदा दिसते. तो कोंबड्यांचा स्वभावच आहे, त्यामुळे भांडणे किंवा फूट होत नसेल तर त्याची काळजी करू नये.

पेटी खुराड्यातील सर्वांत शांत आणि कमी उजेडाच्या बाजूला बसवावी. तिचे तोंड दाराकडे किंवा सकाळचे ऊन थेट आत येईल अशा दिशेला नसावे. पेटी बसवल्यावर एकदा स्वतः खाली बसून, कोंबडीच्या डोळ्यांच्या उंचीवरून आत पाहावे, असे आम्ही आवर्जून सांगतो. उभ्याने पाहताना अंधारा वाटणारा कप्पा खालून पाहिला की किती उघडा आहे, हे लगेच लक्षात येते. तसे दिसल्यास तोंडावर जाड कापडाच्या उभ्या पट्ट्या सोडाव्यात आणि पहिले काही दिवस मधली पट्टी वर खोचून ठेवावी, म्हणजे कोंबड्या बिचकणार नाहीत. पत्र्याच्या पेटीवर दुपारचे ऊन येत असेल, तर कप्पा तापतो आणि हवा खेळायला वाव नसेल तर कोंबड्या त्यात पाऊलही टाकत नाहीत.

उंचीच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. कोंबड्यांना रात्री खुराड्यातील सर्वांत उंच जागी बसायचे असते, आणि पेटी बसण्याच्या दांड्यांपेक्षा उंच असेल तर त्या पेटीतच झोपतात व सकाळपर्यंत आतले अंथरूण शिटीने भरून ठेवतात. पेटीचा तळ जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर आणि बसण्याच्या दांड्या त्याहून स्पष्टपणे वर, अशी रचना चांगली चालते. वजनदार किंवा वयस्क कोंबड्यांसाठी पेटी याहून खाली ठेवली तरी चालेल. पेटीसमोर पाय टेकायला एक दांडी हवीच, आणि पेटीच्या वरच्या बाजूला तीव्र उतार असावा, नाहीतर कोंबड्या तिथेच मुक्काम ठोकतात.

कप्प्याच्या तोंडाशी १० ते १२ सेंटिमीटर उंचीची पट्टी असावी. आमच्या सुरुवातीच्या पेट्यांना ही पट्टी आम्ही निम्म्याच उंचीची ठेवली होती. कोंबड्यांनी दोन दिवसांत सगळा पेंढा उकरून बाहेर काढला आणि उघड्या फळीवर अंडी तडकू लागली, तेव्हा ती चूक आमच्या ध्यानात आली. आत कोरडा पेंढा, भाताचे तूस किंवा रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या ढलप्या किमान ८ सेंटिमीटर जाडीच्या थरात घालाव्यात. करवतीचा बारीक भुसा टाळावा, कारण त्याची धूळ कोंबड्यांच्या श्वासात जाते. ओलसर किंवा कुबट वासाचा पेंढा कधीही वापरू नये.

तलंगांची पहिली अंडी

सगळ्यांत जास्त काळजी घ्यावी ती या टप्प्यावर, कारण तलंग, म्हणजे पहिल्यांदाच अंड्यावर येणारी तरुण कोंबडी, पहिली काही अंडी जिथे घालते त्याच जागेची तिला सवय लागते आणि ती मोडणे लावण्यापेक्षा कितीतरी कठीण असते. अधिक अंड्यांसाठी तयार केलेल्या संकरित जातींच्या तलंगा साधारण १८ ते २० आठवड्यांच्या वयात अंड्यावर येतात, तर इतर अनेक जातींना २४ आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. तुरा मोठा आणि लालबुंद होणे, माणूस जवळ येताच पंख किंचित पसरून खाली दबून बसणे आणि कोपरे धुंडाळणे ही अंडे जवळ आल्याची लक्षणे आहेत. ती दिसण्याची वाट न पाहता, अपेक्षित वयाच्या दोन-तीन आठवडे आधीच पेटी बसवून अंथरूण घालून ठेवावे, म्हणजे तलंगांना ती ओळखीची होते.

प्रत्येक कप्प्यात एक नकली अंडे ठेवावे. लाकडाचे किंवा चिनी मातीचे अंडे उत्तम. ते नसेल तर गोल्फचा चेंडूही हे काम करतो. खरे अंडे खुणेसाठी ठेवू नये, कारण ते फुटले तर कोंबड्यांना अंडी खाण्याची चटक लागते. तलंगा रात्री पेटीत झोपत असतील, तर दिवेलागणीनंतर त्यांना हळुवार उचलून दांडीवर बसवावे, आणि हे काही रात्री न चुकता करावे. रात्री पेटीचे तोंड झाकून ठेवणेही उपयोगी पडते, मात्र उजाडण्यापूर्वी ते उघडण्याची खात्री असेल तरच हा मार्ग स्वीकारावा; सकाळी झाकण उघडायचे राहिले, तर त्या दिवसाची अंडी जमिनीवरच मिळतील आणि आधीची मेहनत वाया जाईल.

बाहेर लागलेली सवय मोडताना

कोंबड्या आधीच बाहेर अंडी घालत असतील, तर सुमारे आठवडाभर त्यांना सकाळी १० किंवा ११ वाजेपर्यंत खुराड्यात ठेवावे, दाणापाणी आतच द्यावे आणि त्यानंतर मोकळे सोडावे. खुराडे पुरेसे प्रशस्त आणि हवेशीर असणे यासाठी आवश्यक आहे. दाटीवाटीने कोंडलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचू लागतात आणि फायद्यापेक्षा तोटा अधिक होतो.

त्याच काळात बाहेरची आवडती जागा निकामी करावी. झुडपाखालचा खळगा बुजवून त्यावर दगड ठेवावेत, आणि खुराड्यातील कोपऱ्यात तिरकी फळी किंवा विटा ठेवून तिथे बसायला जागाच उरू देऊ नये. जमिनीवरचे अंथरूण फार जाड असेल तर ते पातळ करावे, नाहीतर कोंबडीला जमीन आणि पेटी यांत फरक वाटत नाही. जमिनीवर पडलेले अंडे दिसताक्षणी उचलावे, कारण एक अंडे दिसले की दुसरी कोंबडी तिथेच येऊन बसते. म्हणून या आठवड्यात सकाळी तीन-चार फेऱ्या माराव्यात. एखादी कोंबडी कोपऱ्यात अंड्यासाठी बसण्याच्या तयारीत दिसली, तर तिला न घाबरवता उचलून पेटीत ठेवावे. ती बाहेर आल्यास पुन्हा ठेवावे. ओरडणे किंवा हुसकावणे यांचा उपयोग होत नाही. उलट पेटी आणि भीती यांची तिच्या मनात सांगड बसते.

पेटीत घालणारी कोंबडी अचानक बाहेर घालू लागल्यास

अशी तक्रार आली की आम्ही सर्वप्रथम लाल माइटविषयी विचारतो. हा जेमतेम एक मिलिमीटरचा जीव दिवसा पेटीच्या सांध्यांत, फटींत आणि दांड्यांच्या टोकांशी लपतो, रात्री बाहेर पडून कोंबड्यांचे रक्त पितो, आणि पेटीत बसणे त्यांना नकोसे करून सोडतो. दिवसा पाहिल्यास पेटी स्वच्छ दिसते, म्हणून अंधार पडल्यावर विजेरी घेऊन तपासावे आणि फटींवरून पांढरा कागद किंवा कापड दाबून फिरवावे. त्यावर रक्ताचे लाल ठिपके उमटले तर शंका उरत नाही. अशा वेळी सगळे अंथरूण काढून जाळावे, पेटी सुटी करून सांधे घासून उकळत्या पाण्याने धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. माइटच्या अंड्यांतून नवे माइट निघतात, त्यामुळे सुमारे सात दिवसांनी हीच कृती पुन्हा करावी लागते, आणि रक्ताशिवायही हा जीव महिनोन्‌महिने तग धरतो, त्यामुळे रिकाम्या पडलेल्या जुन्या पेटीवरही विश्वास ठेवू नये. औषध वापरायचे असल्यास पशुवैद्यकाला विचारावे, आणि उपचारानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत हेही त्यांच्याकडूनच समजून घ्यावे.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी, हे दुसरे नेहमीचे कारण आहे. ती पेटीत ठाण मांडते, जवळ येणाऱ्याला फुगून टोचते आणि इतर कोंबड्यांना आत येऊ देत नाही. तिच्याखाली उबवण्यासाठी अंडी ठेवायची असल्यास तिची व्यवस्था २१ दिवसांसाठी वेगळ्या, शांत जागी करावी. पिले नको असतील, तर तिला जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उंच ठेवलेल्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवावे. पोटाखालून हवा खेळत राहिल्याने तिची बैठक बहुधा मोडते.

पेटीत फुटलेली अंडी आणि बलकाने माखलेला पेंढा दिसू लागल्यास अंथरूण तत्काळ बदलावे, अंडी लवकर लवकर गोळा करावीत आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. कवचाचा बहुतांश भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आणि त्याची कमतरता पडली की कवच पातळ होऊन अंडी सहज फुटतात.

अंडी घातलीच जात नाहीत का, हेही पाहावे

पिसे गळण्याच्या काळात, तसेच दिवस लहान झाल्यावर कोंबड्या अंडी देणे थांबवतात किंवा कमी करतात. नियमित अंड्यांसाठी त्यांना दिवसाकाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. अशा वेळी पेटीत बदल करून काहीच साध्य होत नाही. परंतु तुरा लाल आणि टवटवीत आहे, पिसे शाबूत आहेत आणि तरीही अंडी सापडत नाहीत, असे असेल तर कुठेतरी लपवलेले घरटे आहे असे समजावे. सकाळी कोंबड्या मोकळ्या सोडून दुरून लक्ष ठेवावे आणि कलकलाट कानी पडताच त्या दिशेने जावे. सापडलेल्या घरट्यातील अंडी किती दिवसांची आहेत हे कळत नसल्याने ती खाण्यासाठी वापरू नयेत, असे आमचे मत आहे.

आम्हाला कळवताना

वरील उपाय दोन आठवडे सातत्याने करूनही फरक पडला नाही, तर आमच्याशी संपर्क साधताना कोंबड्यांची संख्या, त्यांचे वय, अंडी सापडण्याची जागा आणि वेळ एवढी माहिती लिहून ठेवावी. सोबत दोन छायाचित्रे पाठवावीत: एक संपूर्ण खुराड्याचे, ज्यात पेटी आणि दांड्या एकत्र दिसतील, आणि दुसरे जमिनीलगत कॅमेरा धरून पेटीच्या तोंडाचे, सकाळच्या वेळी काढलेले.