गोल भागावरचा कट : ड्रॉइंग पाठवण्याआधी एवढं वाचा

(कॅड, मिलिंग आणि जॉबवर्कच्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

‘रोलरवर कारखान्याचं नाव कोरून द्या’, ‘पाइपावर पाइप बसेल असा कट मारा’, ‘शाफ्टला की-वे पाडा’. सोलापूरच्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतून येणाऱ्या कामांत अशी कामं हमखास असतात. ड्रॉइंग बहुतेक वेळा नुकत्याच कॅड शिकलेल्या मुलाने केलेलं असतं. सपाट प्लेटवर प्लेन (चित्र काढायची सपाट पातळी) घे, स्केच काढ, एक्सट्रूड कट (स्केचचा आकार सरळ खाली कापणं) मार, एवढं त्याचं चोख असतं. तेच तो गोलावर करतो आणि स्क्रीनवर काहीतरी कापलेलं दिसतं. नेमकं काय कापलं गेलं हे मात्र जॉब हातात आल्यावर कळतं. हे पत्रक त्या मुलासाठी आहे, आणि त्याच्या ड्रॉइंगवर सही करणाऱ्या मालकांसाठीही.

कमांड निवडण्याआधी एकच गोष्ट ठरवा. तुमचा कट सरळ वरून खाली जाणारा आहे, की गोलाईला धरून फिरणारा? कुठली कमांड, कुठलं मशीन आणि किती खर्च, हे सगळं त्यावर ठरतं.

सरळ वरून जाणारा कट

५० मिमी व्यासाचा रॉड घ्या. त्याच्या माथ्याला टेकणारं प्लेन बनवा, त्यावर २० मिमी रुंदीचा चौकोन काढा आणि १ मिमी खोल कट मारा. कट २० मिमी रुंद येणार नाही, १४ मिमीच येईल. कारण माथ्यापासून १ मिमी खाली गेल्यावर रॉडची रुंदीच १४ मिमी असते. चौकोनाच्या कडांखालचा पृष्ठभाग माथ्यापेक्षा २.०९ मिमी खाली आहे, तिथे हत्यार नुसतं हवेतून फिरतं. मग मुलगा खोली ३ मिमी करतो. आता रुंदी २० मिळते, पण मध्यभागी ३ मिमी खोल आणि कडेला जेमतेम ०.९ मिमी. अक्षरं कोरायची असतील तर मधलं अक्षर विहिरीसारखं आणि कडेचं पुसट दिसतं. मशीनने ड्रॉइंगप्रमाणेच काम केलेलं असतं, त्यामुळे त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

पण म्हणून हा कट चुकीचा नाही. की-वेसाठी (शाफ्टवर पुली-गिअर धरून ठेवणाऱ्या चावीच्या खाचेसाठी) हाच हवा, कारण चावीचा तळ सपाट असतो. ५० मिमी शाफ्टला प्रमाणित चावी १४ बाय ९ मिमीची, शाफ्टमधली खोली ५.५ मिमी, आणि ती माथ्यापासून मोजायची. म्हणजे की-वेच्या तळापासून शाफ्टच्या समोरच्या बाजूपर्यंत व्हर्निअर ४४.५ दाखवेल. ड्रॉइंगमध्ये हे ४४.५ चं माप दिलंत तर फार बरं, कारण कट झाल्यावर माथा उरतच नाही, मग ५.५ मोजणार कुठून? नवशिके कधी कधी नवीन शिकलेली रॅप (स्केच गोलाईवर गुंडाळणारी) कमांड की-वेलाही वापरतात. तळ गोलाईत येतो आणि चावी डुगडुगते.

गोलाईला धरून जाणारा कट

नाव, लोगो, नक्षी, स्केलच्या रेघा, म्हणजे जिथे खोली सगळीकडे सारखी हवी तिथे रॅप. सॉलिडवर्क्समध्ये कमांडचं नाव रॅप, आणि आत खोदण्यासाठी डिबॉस हा पर्याय. फ्यूजनमध्ये एम्बॉस नावाची एकच कमांड उठाव आणि खोदकाम दोन्ही करते. फ्रीकॅड फुकट आहे, त्यात कर्व्हज नावाचं जोड-वर्कबेंच घालून घेतलं की स्केच पृष्ठभागावर गुंडाळता येतं. लहान वर्कशॉपने शिकायला तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

कमांड कुठलीही असली तरी काम एकच आहे : कागदावर काढलेलं चित्र पाइपभोवती गुंडाळायचं. फॅब्रिकेशनवाले कागदी टेम्प्लेट गुंडाळून खडूने आखतात, सॉफ्टवेअर तेच करतं. म्हणून स्केचमधली आडवी लांबी म्हणजे परिघावरची लांबी. स्केचमध्ये ४० मिमीचं नाव ५० मिमी रॉडभोवतीही ४० मिमीचंच बसतं. तेच नाव सरळ वरून टाकलं असतं तर पृष्ठभागावर ४६.४ मिमी झालं असतं आणि कडेची अक्षरं ताणली गेली असती.

रॅपसाठी स्केच बंद हवं, कुठेही तुटलेलं नको. स्केचचं प्लेन सिलिंडरला टेकणारं घ्या. नुसत्या एका रेघेचे फॉन्ट डिबॉस होत नाहीत, त्यांना आत-बाहेर अशी बाजूच नसते. आणि एक गोष्ट मालकांनी लक्षात घ्यावी : रॅप केलेल्या कटाच्या भिंती रॉडच्या केंद्राकडे जातात. ते काम खरोखर तसंच हवं असेल तर जॉब रोटरीवर (जॉब फिरवणाऱ्या जोडणीवर) लावून फिरवत कापावा लागतो. साध्या तीन-अक्षी व्हीएमसीवर (उभ्या सीएनसी मिलिंग मशीनवर) व्ही-ब्लॉकमध्ये (गोल जॉब धरणाऱ्या व्ही खाचेच्या ठोकळ्यात) बांधून होणारं काम स्वस्त पडतं. नाव लहान असेल, खोली अर्ध्या मिलिमीटरपर्यंत असेल, तर दोन्हींतला फरक डोळ्याला दिसत नाही. अशा वेळी आम्ही स्वतःच सुचवतो की रोटरीचे पैसे वाचवा.

मराठी अक्षरांचं वेगळं दुखणं

इंग्रजी नाव टाकलं की चालतं आणि मराठी टाकलं की एरर येते, ही तक्रार आम्ही सतत ऐकतो. कारण शिरोरेषा. मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. स्क्रीनवर ती एक सलग रेघ दिसते, पण कॅडच्या लेखी त्या एकमेकांना छेदणाऱ्या दोन वेगळ्या आकृत्या असतात. वेलांटी, मात्रा आणि रफार यांचंही तेच. शिवाय काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘श्री’चं भलतंच काही होतं.

उपाय सोपा आहे. नाव कोरलड्रॉ किंवा इंकस्केपमध्ये टाइप करा, अक्षरांचे कर्व्ह करा, मग वेल्ड किंवा युनियन करून सगळी बाह्यरेषा एकजीव करा आणि डीएक्सएफ (रेषांच्या ड्रॉइंगची फाईल) काढून कॅडमध्ये आणा. पाइपातून आरपार अक्षरं कापायची असतील तर ‘व’, ‘ब’, ‘म’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. तो धरून ठेवायला एखादा बारीक पूल सोडावा लागतो. पूल कुठे सोडायचा हे तुम्हीच ठरवा. आम्ही ठरवला की नाव वेगळं दिसतं म्हणून जॉब परत येतो.

पूर्ण फेर धरणारी नक्षी

टॉवेल किंवा चादरीच्या कारखान्यातून खाचांचे आणि नक्षीचे रोलर येतात. इथे सुरुवात आणि शेवट जुळला पाहिजे. ६० मिमी व्यासाच्या रोलरचा परीघ १८८.५ मिमी. नक्षीचा एक घास (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) १२ मिमीचा धरला तर तो पंधरा वेळा बसून पाऊण घास उरतो, आणि सांधा उघडा पडतो. म्हणून आधी परीघ काढा, मग १६ घास ठरवा, म्हणजे एक ११.७८ मिमीचा होतो. सगळी नक्षी एकदम ३६० अंशांत गुंडाळू नका, सॉफ्टवेअर सांध्यापाशी अडखळतं. एकच घास रॅप करा आणि सर्क्युलर पॅटर्नने फिरवा. फाईल हलकी राहते. बदल करायचा झाला तर एकाच ठिकाणी करावा लागतो. छाप उमटवणारा रोलर असेल तर नक्षी आरशात उलटी घ्यायला विसरू नका.

व्यास ड्रॉइंगवरून घेऊ नका, मोजून घ्या. वापरलेला किंवा ग्राइंडिंग झालेला रोलर क्वचितच मूळ मापाचा असतो.

कळस, घुमटाकार झाकण, लोट्याचं पोट

सिलिंडर आणि शंकू उलगडून सपाट करता येतात, गोल घुमट येत नाही. घुमटावर सपाट चित्र न ताणता, न दुमडता बसवता येत नाही हे गाउसने १८२७ मध्येच गणिताने सिद्ध केलं. तेव्हा कळसाभोवतीचं नाव ‘जसंच्या तसं’ बसवून द्या असा आग्रह धरू नका, थोडं ताणलं जाणारच. चित्र लहान ठेवा किंवा त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या दिशांनी बसवा.

अशा पृष्ठभागावर सारखी खोली मिळवायला आम्ही रॅपपेक्षा दुसरा मार्ग पसंत करतो. नेहमीचाच एक्सट्रूड कट, पण शेवटाची अट ‘ऑफसेट फ्रॉम सरफेस’. घुमटाचा पृष्ठभाग निवडायचा आणि १ मिमी द्यायचं. भिंती सरळ राहतात, तळ मात्र घुमटाला समांतर जातो. तीन-अक्षी मशीनवर बॉल नोजने (गोल टोकाच्या हत्याराने) हे सुरेख होतं. ऑफसेट उलट्या बाजूला गेला तर कट दिसतच नाही, तेव्हा रिव्हर्सची खूण बदलून पाहा.

पाइपावर पाइप

फिश माउथची (पाइपावर बसण्यासाठी पाइपाच्या टोकाला मारलेल्या माशाच्या तोंडासारख्या कटाची) वक्ररेषा हाताने काढू नका. दोन्ही पाइप जागेवर ठेवा आणि मुख्य पाइपच्या बाहेरच्या व्यासाचा भरीव सिलिंडर दुसऱ्यातून वजा करा. ५० च्या पाइपावर २५ चा पाइप काटकोनात बसवताना तोंडाची खोली ३.३५ मिमी यायला हवी, तेवढं तपासून घ्या. पाइप तिरका असेल तर कोन लिहून द्या.

आमच्याकडे पाठवताना

स्टेप फाईल (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी थ्रीडी फाईल) पाठवा आणि सोबत एक पीडीएफ, ज्यावर खोली कुठून मोजायची ते लिहिलेलं असेल. खोदकामातले आतले कोपरे टोकदार मागू नका. २ मिमी व्यासाचं एंड मिल (मिलिंगचं गोल फिरणारं हत्यार) कोपऱ्यात १ मिमीची गोलाई ठेवणारच. जुना जॉब असेल तर तोच आणून द्या, व्यास आम्ही मोजू. फाईल बनत नसेल तर तुमच्या मुलाला कॉम्प्युटरसह बसायला पाठवा, त्याचे वेगळे पैसे लावत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आमचे बहुतेक कारागीर सुटीवर असतात, त्यामुळे जानेवारीतली रोटरीची कामं डिसेंबरमध्येच टाकून ठेवा.