जवस तेल धुताना

वाटीत मूठभर जवस घ्या, वर पाणी ओता आणि वीसेक मिनिटांनी बोट बुडवून बघा. दाण्याभोवती बुळबुळीत चीक जमलेला असतो, बोट वर घेतलं की त्याची तार सुटते. घाण्यावर तेल निघताना हा चीक आणि बियातली फॉस्फोलिपिडं (पाणी धरून ठेवणारे स्निग्ध पदार्थ) थोडीफार तेलात उतरतात. चटणीत किंवा गरम भाकरीवर त्याने काहीच बिघडत नाही. चित्रकाराच्या तैलरंगात मात्र तोच नडतो. थर उशिरा वाळतो, दमट हवेत पांढुरका पडतो आणि पुढे जास्त पिवळा होतो. घरी तेल शुद्ध करायचं म्हणजे मुख्यतः हा चीक पाण्यात ओढून काढायचा.

बेळगावकडे माल मिळायची अडचण नाही. रविवार पेठेत जवस मागा, अळशी मागा की अगशी, दुकानदार एकच पोतं पुढे करतो. पूर्वेकडच्या काळ्या रानातलं रब्बीचं पीक फेब्रुवारी-मार्चात निघतं. तेव्हाच बी घ्यावं, पाडव्याच्या सुमाराला तेल धुवावं आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात ठेवावं, म्हणजे मृगाच्या आत काम उरकतं. खानापूरकडच्या पावसाळी हवेत हा उद्योग करूच नये.

लाकडी घाण्यावर जाताना दोन गोष्टी सांभाळायच्या. बी भाजलेलं नको, कारण भाजल्यावर तेल गडद होतं आणि तो रंग उन्हानेही पुरता जात नाही. दुसरं, आधीचा घाणा कशाचा होता ते विचारा. शेंगदाण्याचं तेल कधीच वाळत नाही, आणि घाण्यात राहिलेलं थोडं जरी मिसळलं तरी जवसाचं वाळणं लांबतं. त्यामुळे सुरुवातीचं पावशेर-अर्धा किलो तेल स्वयंपाकाला ठेवावं आणि नंतरचं रंगाला घ्यावं. आधी करडईचा घाणा झाला असेल तर फारसं बिघडत नाही, करडईचं तेलही वाळणारंच आहे. किलोभर तेलाला साधारण साडेतीन किलो बी धरा. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉईल’ चित्राला नको. ते दारं-खिडक्यांसाठी असतं, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

कपडे वाळतात ते पाणी उडून गेल्याने. जवसाचं तेल वाळतं ते मात्र हवेतला ऑक्सिजन ओढून घेऊन. त्यातलं निम्म्याहून अधिक स्निग्धाम्ल अल्फा-लिनोलेनिक असतं. त्याच्या प्रत्येक साखळीत तीन दुहेरी बंध असतात, ऑक्सिजन तिथे लागतो आणि साखळ्या एकमेकींत गुंतून जाळं तयार होतं. म्हणूनच काचेवर लावलेला तेलाचा थर वाळताना वजनाने वाढतो, दहा टक्के किंवा त्याहून जास्त.

आता धुणं. ताजं तेल आठ-पंधरा दिवस निवळू द्या आणि तळाचा गाळ मागे ठेवून वरचं घ्या. दोन लिटरच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत अर्धा लिटर तेल, तेवढंच कोमट पाणी, दोन मोठे चमचे खडेमीठ आणि वाटीभर बारीक वाळू घाला. वाळू नदीची चालते, पण आधी पाणी नितळ निघेपर्यंत धुतलेली हवी. झाकण लावून तीन-चार मिनिटं जोरात हलवा. तेलातली फॉस्फोलिपिडं पाणी पितात, फुगतात, तेलापेक्षा जड होतात आणि खाली बसू लागतात. वाळू त्यांना घासून सोबत ओढते. मिठामुळे पाणी जड होतं आणि तेल-पाण्याचं दूध फुटायला मदत होते. दुसऱ्या दिवशी बरणीत थर दिसतात: तळाला वाळू, वर गढूळ पाणी, मग कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरट पापुद्रा आणि सगळ्यात वर तेल. सलाईनच्या नळीने तेल ओढून घ्यायचं, नळीचं टोक पापुद्र्याच्या बोटभर वर ठेवून. तेवढं तेल वाया जातं खरं, पण पापुद्रा परत आला तर सगळं धुणं फुकट.

असं दोनदा, मग नुसत्या पाण्याने तीन-चारदा. नुसत्या पाण्याच्या वेळी थंड पेयाची दोन लिटरची बाटली बरी पडते. उलटी धरून टोपण किंचित सैल केलं की आधी पाणी निघून जातं. कढत पाणी मात्र नको, बाटली आकसते. खालचं पाणी नितळ राहिलं आणि मधला पापुद्रा उमटेनासा झाला की थांबायचं. अर्ध्या लिटरमागे ५० ते १०० मिलीची तूट धरून चला.

बहुतेकांचं घोडं अडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याला. बरणीत ताकासारखं पांढरं काहीतरी होऊन बसतं आणि दोन दिवस झाले तरी वेगळं होत नाही. एक कारण पाणी. अथणी-गोकाकाकडचं बोअरचं पाणी पुष्कळदा जड असतं. त्यातलं कॅल्शियम तेलातल्या मोकळ्या आम्लांशी जुळून साबणासारखा चिकट साका बनवतं. बॅटरीचं पाणी, आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं की हा त्रास बराच कमी होतो. दूध झालंच तर आणखी दोन चमचे मीठ घालून बरणी कोमट उन्हात ठेवावी. परत हलवू नये, हलवलं की दूध आणखी घट्ट होतं.

धुतलेलं तेल ढगाळ दिसतं, कारण त्यात पाण्याचे बारीक थेंब असतात. बरणी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की पाणी गोठतं आणि तेल पातळच राहतं. बर्फ वितळायच्या आत ते ओतून घ्यावं. उरलेला ओलावा काढायला कढईत वाळू, वाळूत स्टीलचं भांडं, भांड्यात एक तृतीयांशच तेल. थर्मामीटर लावून हळूहळू १०५-११० अंशांपर्यंत न्या. तडतड थांबली की पाणी संपलं. भांडं भरलेलं असेल किंवा घाई केली तर तेल उसळून आचेवर येतं आणि पेट घेतं. हे काम अंगणातच करावं, घट्ट बसणारं झाकण हाताशी ठेवून.

नंतर ऊन. स्वच्छ बाटली काठोकाठ भरून, बूच लावून तीन ते सहा आठवडे गच्चीवर ठेवा. हरितद्रव्याची हिरवट झाक आधी जाते, पिवळा हळूहळू उतरतो. ताटात उघडं ठेवलं तर तेल मधासारखं घट्ट होतं. तेही उपयोगी आहे, पण त्याचं काम निराळं. पारख साधी आहे: खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर बोटाने पातळ थर फिरवा, शेजारी न धुतलेल्या तेलाचा. कोरड्या उन्हाळ्यात धुतलेलं साधारण तीन ते पाच दिवसांत बोटाला चिकटेनासं होतं. तोच तुकडा कपाटात अंधारात ठेवला तर पिवळा होतो, उजेडात आणला की बराचसा निवळतो. बेळगाव चित्रकार के. बी. कुलकर्णींचं गाव, तैलरंगात काम करणारी मुलं इथे आहेतच. त्यांनी स्वतःच्या पांढऱ्या रंगासाठी तरी हा तुकडा महिनाभर सांभाळावा. १०० ग्रॅम टिटॅनियम पांढऱ्याला २० ग्रॅमच्या आसपास तेल पुरतं, गेरूसारख्या मातीच्या रंगाला त्याहून जास्त लागतं.

तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ऑक्सिजन ओढताना तेल तापतं आणि घडीत ती उष्णता कोंडून फडकं आपोआप पेटू शकतं. वापरलं की पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर मोकळं पसरा. तेल लागलेली वाळूही ओलीच ठेवा.

तयार तेल लहान गडद बाटल्यांत, तोंडापर्यंत भरून ठेवावं. आत हवा राहिली की वर साय धरते. बाटली अर्धी झाली की धुऊन वाळवलेल्या काचेच्या गोट्या आत सोडाव्यात, म्हणजे तेल पुन्हा बुचापर्यंत येतं.