मेंदूतल्या साध्या गाठीचा पुनरुद्भव

कॅन्सर नसलेली मेंदूतली गाठ ऑपरेशनने काढल्यावर तिथेच किंवा शेजारी पुन्हा वाढणं म्हणजे पुनरुद्भव. गोव्यात 'बांबोळीला ऑपरेशन झालं, तरी परत आली' (बांबोळी म्हणजे तिथलं गोवा मेडिकल कॉलेज) असं बोलतात, पण या 'परत'मध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. नसेला चिकटलेला तुकडा सर्जनने जाणूनबुजून ठेवलेला असतो आणि तोच वाढतो, हा एक प्रकार; आधीच्या एमआरआयवर काहीच नव्हतं आणि काही वर्षांनी दिसलं, हा दुसरा. काटेकोर बोलायचं तर पुनरुद्भव फक्त दुसरा.

सगळ्यात जास्त वाद मेनिन्जिओमावर, म्हणजे मेंदूच्या आवरणातून उगवणाऱ्या गाठीवर (हे नाव हार्वे कुशिंगने १९२२ मध्ये दिलं). १९५७ मध्ये डोनाल्ड सिम्पसनने पाच ग्रेड पाडल्या: गाठ, ती जिथे रुजली तो ड्युरा (मेंदूचं बाहेरचं जाड आवरण) आणि बिघडलेलं हाड सगळं काढलं तर १, ड्युरा नुसता जाळला तर २, ड्युराला हातच लावला नाही तर ३, गाठ अर्धवट राहिली तर ४, नुसती बायोप्सी किंवा दाब कमी केला तर ५. पहिल्या तिन्हींत गाठ परत येण्याचं प्रमाण ९, १९ आणि २९ टक्के धरतात. पण तेव्हा सीटी स्कॅनच नव्हता, तो आला १९७१ मध्ये, त्यामुळे त्रास परत सुरू झाला की गाठ परत आली असं धरायचे आणि उरलेले तुकडे नि नवीन गाठी एकाच खात्यात जमा व्हायच्या. २०१० च्या सुमारास ग्रेड १ ते ३ मध्ये फारसा फरक नाही असं सांगणारे अभ्यास आले, त्यांनाही विरोध झाला. तरी सोप्या जागी ड्युरा काढावा आणि कवटीच्या तळाशी हट्ट धरू नये, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. २०२१ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात तर टर्ट प्रमोटरमध्ये (टर्ट या जनुकाच्या जणू स्विचमध्ये) बदल सापडला की गाठ मायक्रोस्कोपखाली कितीही साधी दिसो, थेट ग्रेड ३ (ही ग्रेड सिम्पसनची नाही, गाठ किती आक्रमक याची).

पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीची) गाठ बाजूच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये (जिथून मोठी रक्तवाहिनी आणि डोळ्यांच्या नसा जातात त्या जागेत) शिरली असेल तर थोडी उरतेच. कानाच्या नसेवरच्या श्वानोमात (नसेच्या वेष्टनातून उगवणाऱ्या गाठीत) चेहऱ्याची नस वाचवायला तुकडा ठेवतात, वाढला तर रेडिएशन.

काणकोण-पेडण्याहून फॉलोअपला येणारे लोक नवा रिपोर्ट आणतात आणि जुन्या फिल्म घरी कपाटावर, पावसात दमट होऊन एकमेकींना चिकटलेल्या. तुलना मात्र त्यांच्याशीच करायची असते, विशेषतः ऑपरेशननंतर ४८ तासांच्या आत किंवा तीन महिन्यांनी काढलेल्या स्कॅनशी.