उमेदवारीतून शिक्षक-प्रशिक्षण

आधी पदविका किंवा पदवी घ्यायची आणि मग वर्गावर जायचे, हा नेहमीचा क्रम मोडणारी प्रशिक्षणपद्धती. यात उमेदवार सुरुवातीपासून पगारी शिक्षक म्हणून रुजू होतो आणि शिकवता शिकवताच पात्रता मिळवतो. गरीब वस्त्यांतल्या शाळांना शिक्षक मिळत नाहीत, मिळाले तरी टिकत नाहीत. गणित-विज्ञानाच्या बाबतीत ही टंचाई अधिकच. या पद्धतीचा प्रसार मुख्यतः अशाच शाळांसाठी झाला.

कल्पना मात्र जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात तिथले अधीक्षक अँड्र्यू बेल मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेत. १८४६ मध्ये इंग्लंडने ‘विद्यार्थी-शिक्षक’ योजना आणली. तेरा वर्षांची मुले-मुली मुख्याध्यापकाच्या हाताखाली पाच वर्षे उमेदवारी करत, आणि मुख्याध्यापकाने त्यांना शाळेच्या वेळेबाहेर रोज दीड तास शिकवावे असे बंधन होते. हा दीड तास फार मोलाचा. उमेदवाराला कामाला जुंपताना त्याच्या शिक्षणासाठी वेळ राखून ठेवावा लागतो, हे त्या काळीही कळले होते.

आजच्या स्वरूपाचा उगम अमेरिकेत आहे. वेंडी कॉप यांनी १९८९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील आपल्या प्रबंधात मांडलेल्या कल्पनेतून ‘टीच फॉर अमेरिका’ ही संस्था उभी राहिली. १९९० मध्ये तिचे सुमारे पाचशे पदवीधर शाळांत दाखल झाले. इंग्लंडमध्ये ‘टीच फर्स्ट’ (२००२) आणि भारतात ‘टीच फॉर इंडिया’ (२००९) याच वाटेने गेल्या. सुटीत काही आठवड्यांची तयारी आणि मग दोन वर्षे वर्ग, असा साधारण आराखडा असतो.

खरे शिक्षण पाठनिरीक्षणातून होते. अनुभवी मार्गदर्शक मागच्या बाकावर बसून तास पाहतो. नवख्या शिक्षकाचे लक्ष टाचणावर आणि हात वर करणाऱ्या चार मुलांवर खिळलेले असते. न बोलणारी मुले मार्गदर्शकाला दिसतात. मूल गप्प का, त्याला आशय कळला नाही, घरची भाषा वेगळी आहे, की ते उपाशीपोटी आले आहे, हे ताडायला त्याच वस्तीत काढलेली वर्षे कामी येतात. तासानंतरच्या चर्चेत चुकांची यादी वाचण्यापेक्षा उद्या बदलायची एकच गोष्ट ठरवणे अधिक उपयोगी पडते. मात्र मार्गदर्शकाचे स्वतःचेच वेळापत्रक भरलेले असेल, तर सर्वांत आधी निरीक्षणच बुडते.

पद्धतीवरचा मुख्य आक्षेप गंभीर आहे: ज्या मुलांना सर्वांत कसलेले शिक्षक हवेत, त्यांच्याच वाट्याला नवशिके येतात, आणि त्यांतले बरेच मुदत संपताच निघून जातात. ‘टीच फॉर अमेरिका’च्या शिक्षकांविषयी २००४ मध्ये झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात त्यांचे विद्यार्थी गणितात थोडे पुढे आढळले, वाचनात मात्र फरक दिसला नाही. पण मुलांना दर दोन वर्षांनी नवा चेहरा पाहावा लागतो, याचे उत्तर अशा चाचण्यांत नसते.

या आक्षेपाला निवासी डॉक्टरांच्या धर्तीवरच्या योजनांनी उत्तर देऊ पाहिले. बॉस्टनमध्ये २००३ पासून उमेदवार वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या वर्गात त्याच्या सोबतीने शिकवतो आणि त्यानंतरच स्वतंत्र वर्ग घेतो. वर्षभर एका वर्गामागे दोन माणसांचा खर्च येत असल्याने अशा योजनांतून तयार होणाऱ्या शिक्षकांची संख्या मर्यादित राहते.