बियांची हमाली

जुन्या नाशकात माझ्या मामाचा वाडा आहे. त्याच्या तिसऱ्या मजल्याच्या भिंतीत, पन्हळीच्या शेजारी, दर पावसाळ्यात पिंपळ उगवतो. मामा दरवर्षी विचारतो, "हा इथे लावतं कोण?" आणि आजी दरवर्षी बजावते की पिंपळाला हात लावू नका, त्यावर मुंजा असतो. मग दिवाळीच्या साफसफाईत मामा एखाद्या मजुराला पैसे देऊन तो उपटून घेतो. मुंजा लागलाच तर परस्पर त्यालाच लागावा, असा हिशेब. विटांच्या फटीत मूळ राहतंच. आषाढात पुन्हा तांबूस कोवळी पानं हलायला लागतात.

लावणारा कोण, हे शोधायला लांब जावं लागत नाही. समोरच्या विजेच्या तारेवर सकाळी तांबट बसलेला असतो. हिरवा, चिमणीएवढा, कपाळावर लाल टिळा, आणि दुपारभर भांडी ठोकल्यासारखा टुक-टुक करणारा. पिंपळाची फळं हे त्याचं आवडतं खाणं.

यातलं एक फळ नखाने फोडून बघा. जेमतेम वाटाण्याएवढं, वरून जांभळट. आत गर थोडा आणि बिया शेकड्यांनी. एकेक बी साधारण मिलिमीटरभर, राजगिऱ्याच्या दाण्याच्या आसपास. खरं तर हे फळ म्हणजे आतल्या बाजूला उमललेल्या फुलांचा बंद गुच्छ आहे. फार दिवसांनी भेटणाऱ्याला आपण "उंबराचं फूल झालास" म्हणतो, ते यामुळेच. फूल असतं, पण फळाच्या पोटात, आणि ते बघायला फक्त एक बारीक गांधीलमाशीच आत शिरते. ती स्वतः एक-दोन दिवसच जगते. म्हणून वड, पिंपळ, उंबर यांची सगळी झाडं एकदम फळत नाहीत. आज हे, महिन्याने ते. माशीला कायम कुठे तरी फळ मिळायला हवं ना! या सोयीचा फायदा पक्ष्यांनाही होतो. रानात बाकी काही पिकलेलं नसतं तेव्हा उंबर पिकलेला असतो.

मागच्या पावसाळ्यात मी गच्चीच्या कठड्यावरची पक्ष्याची शीट खरवडून चहाच्या जुन्या गाळणीत घेतली आणि नळाखाली धरली. (गाळणी परत स्वयंपाकघरात गेली नाही, हे घरच्यांच्या समाधानासाठी नमूद करतो.) पांढरं वाहून गेलं आणि जाळीवर पिवळसर बारीक दाणे उरले. ते दह्याच्या रिकाम्या मडक्यात ओल्या विटेच्या चुऱ्यावर पसरले. तीनेक आठवड्यांत हिरवे ठिपके दिसले. म्हणजे पोटातून जाऊनही बी शाबूत होतं.

सगळ्यांच्या पोटातून मात्र ते शाबूत सुटत नाही. हरियाल, म्हणजे पिवळ्या पायाची हरोळी, आपला राज्यपक्षी. वडाला फळं आली की हरियालांचे थवेच्या थवे उतरतात. बघणाऱ्याला वाटतं, काय बियाणं पसरत असतील! पण हरोळ्या पडल्या कबुतरांच्या कुळातल्या. कोंबडीच्या दुकानात ज्याला पेटा म्हणतात तो अवयव त्यांच्याकडे जात्यासारखा चालतो. गिळलेले खडे आणि पेट्याचे स्नायू मिळून बहुतेक बियांचं पीठ करतात. पिंपळाच्या दृष्टीने हरियाल हा भाडं खिशात घालून माल वाटेतच फस्त करणारा टेम्पोवाला. राज्यपक्ष्याबद्दल असं लिहिणं जिवावर येतं, पण आहे हे असं आहे.

'भाडं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. झाड एका जागी रोवलेलं असतं, त्याच्या पोरांना मात्र दूर जायचं असतं. फळातला गर ही त्या प्रवासाची हमाली.

दूर कशासाठी जायचं? आईच्या सावलीत ऊन मिळत नाही, पाण्यासाठी मारामारी, हे खरंच. पण उष्णकटिबंधातल्या जंगलात त्याहून मोठं एक कारण आहे, आणि ते नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला एका शब्दात कळेल: डावणी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. ऑक्टोबर छाटणी झाली, कोवळी फूट आली आणि ढग दाटले की बागेत झोप कुणाला लागत नाही. पहाटेपासून फवारणीचे ब्लोअर सुरू होतात. एकाच जातीचे वेल खेटून उभे असतात. एका पानावर बुरशी आली की तिला पुढचं पान शोधावं लागत नाही. द्राक्ष सोडून दुसऱ्या पिकाला तिचा काडीचा त्रास नाही, पण द्राक्षांच्या एकरभर बागेत तिची चंगळ.

जंगलातल्या प्रत्येक झाडाचीही अशी स्वतःची डावणी असते. खास त्याच जातीवर जगणाऱ्या बुरशा, किडे, भुंगेरे. मोठ्या झाडाखालच्या मातीत आणि त्याच्या फांद्यांवर त्यांचं बस्तान बसलेलं असतं. बी तिथेच पडलं तर थेट त्यांच्या तोंडी. अमेरिकी शास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, यावरून पुढचा तर्क केला. आईजवळची पिल्लं मरतात आणि दूर गेलेली जगतात, म्हणून कुठल्याच एका जातीला आपली वसाहत करता येत नाही. मधली रिकामी जागा दुसऱ्या जातींना मिळते. उष्ण प्रदेशातल्या जंगलात इतक्या प्रकारची झाडं कशी नांदतात, या कोड्याचं हे एक उत्तर. पनामा कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा पाण्यात एक टेकडी बेट होऊन उरली, बारो कोलोराडो नावाची. तिथे ५० हेक्टरांत, बोटाएवढ्या जाडीपासून पुढची, दोन लाखांहून जास्त खोडं मोजली गेली. त्यांत झाडाझुडपांच्या सुमारे ३०० जाती निघाल्या. त्याच बेटावर कॅरल ऑग्सपर्गर यांनी १९८०च्या दशकात एका झाडाच्या रोपांवर पाळत ठेवली. आईच्या पायाशी उगवलेली रोपं बुरशीने माना टाकत होती आणि वाऱ्याने लांब गेलेली त्यातून वाचत होती.

पण मला सगळ्यात आवडला तो बेलीझ देशातला प्रयोग. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी जंगलातल्या छोट्या चौकोनांवर चक्क बुरशीनाशक फवारलं. त्यातलं ॲझॉक्सिस्ट्रोबिन पिंपळगाव-निफाडच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मागितलं तर मिळेल. फवारल्यावर रोपं जास्त जगली असतील, जंगल सुधारलं असेल, असं वाटेल. झालं उलटंच. रोपांतली विविधता सुमारे १६ टक्क्यांनी घटली. बुरशीचा चाप गेल्याबरोबर मोजक्या जातींनी जागा बळकावली. थोडक्यात, औषध मारल्यावर जंगल बागेच्या दिशेने एक पाऊल सरकलं. बाग आणि जंगल यांतला फरक मी इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

तर आईपासून पळायचंच आहे. प्रश्न उरतो वाहनाचा. नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न पावसावर ठरतो. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि पूर्वेला येवल्याकडे जाईपर्यंत तो पाचशेच्या आसपास उतरतो. कोरड्या रानात वारा कामाला येतो. चैत्र-वैशाखात पानं झडलेली असतात, वाऱ्याला अडथळा नसतो. काटेसावर कापूस सोडते, ऐनाच्या फळाला पंख असतात, पळसाची चपटी शेंग टोकाला एकच बी घेऊन गिरक्या खात उतरते. वाऱ्याला हमाली द्यावी लागत नाही, पण तो नेईल तिथे जावं लागतं. दाट, ओल्या जंगलात वारा आत शिरतच नाही, मग तिथे जनावरांशिवाय गत्यंतर नाही. उष्णकटिबंधातल्या सदाहरित जंगलांत दहापैकी सात ते नऊ जातींची झाडं बियांसाठी पशुपक्ष्यांवर अवलंबून असतात.

या हमालांतला एक आपल्या म्हणीत बसलेला आहे, आणि त्याच्यावर अन्याय झालाय. कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागत असतील-नसतील, पण बोरं त्याला भारी आवडतात. माळरानावरची कोल्ह्याची वाळकी विष्ठा काडीने उकरली तर बोराच्या आठळ्या सापडतात. कायद्याने ज्याच्यावर अन्याय केला तो हमाल मात्र वेगळा. फळं खाणारी वटवाघळं १९७२च्या वन्यजीव कायद्यात उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून बसवलेली होती. ती उपद्रवी प्राण्यांची यादीच २०२२च्या दुरुस्तीत गेली. बागायतदाराचा राग मला समजतो. पिकलेल्या घडावर डल्ला पडला तर जाळी लावायचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. पण मोह, जांभूळ, वड यांचं रात्रपाळीचं काम वटवाघूळच करतं. पक्षी फांदीवर बसून शिटतो, त्यामुळे बी पुन्हा कुठल्या तरी झाडाखालीच पडतं. वटवाघूळ उडता उडता सोडतं. बारीक बी त्याच्या पोटातून अर्ध्या तासात बाहेर येतं आणि उघड्या, बोडक्या जागेवर पडतं. आणि झाड तिथेच नको का उगवायला?

ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर पिशव्या हिसकावणारी लालतोंडी माकडंही कामाची. त्यांच्या गालांत थैल्या असतात. करवंदं गालात कोंबून ती पळतात आणि लांब बसून एकेक बी थुंकतात. काळतोंड्या वानराला अशी थैली नाही. तो पाला-शेंगांबरोबर कच्च्या बियाही चावून टाकतो. आपण दोघांना एकाच दगडाने हाकलतो, झाडाच्या खात्यात मात्र एक जमेला आणि एक नावे.

रवंथ करणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. भेकर आणि चितळ आवळे गिळतात, मग सावलीत बसून रवंथ करताना कडक बी तोंडातून टाकून देतात. शेळ्या-मेंढ्या बाभळीच्या शेंगांचं असंच करतात. वनखात्यात बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करण्याची जुनी पद्धत आहे. शेंगा फोडायचे कष्ट वाचतात आणि कठीण कवच थोडं नरम झालेलं असतं. सिन्नरकडे शेतात धनगराची मेंढरं बसवली की खताबरोबर बाभळीचीही सोय होते, मागितलेली नसली तरी.

आणि बांडगूळ! आंब्यावरचं. हा शब्द आपण फुकट्या माणसाला शिवीसारखा वापरतो, पण त्याचं बी पोहोचवणारा पक्षी बघितला तर थोडा आदर वाटेल. फुलटोचा हा अंगठ्याएवढा पक्षी ते फळ खातो. बीला डिंकासारखा चिकटा असतो. ते पक्ष्याला सहज सुटत नाही, म्हणून तो बूड फांदीवर घासतो आणि बी बरोबर तिथेच चिकटतं, जिथे त्याला रुजायचं असतं. सालिम अली यांनी कोकणात हे बारकाईने पाहून १९३१ साली त्यावर लेख लिहिला होता.

इथवर सगळं गोडीगुलाबीचं. अडचण सुरू होते ती बियांच्या आकारापाशी. पिंपळाचं बी कुणाच्याही चोचीत मावतं. कावळा, कोकीळ, साळुंकी, बुलबुल, कुणीही चालतं. म्हणून शहर कितीही वाढलं तरी मामाच्या भिंतीला पिंपळ येणारच. घाणेरीचंही तेच, तिचं बी बुलबुलांनी डोंगरभर केलंय. मोठ्या बियांच्या झाडांना मात्र मोठ्या तोंडाचा गिऱ्हाईक लागतो: धनेश, उदमांजर, भेकर. तेच आधी नाहीसे होतात. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलात एका ताडासारख्या झाडाचा अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जिथून टूकानसारखे मोठ्या चोचीचे पक्षी नाहीसे झाले होते, तिथे त्या झाडाच्या बियाच लहान होत गेल्या होत्या. मोठं बी उचलणारा कुणी उरला नाही, म्हणून मोठ्या बियांची झाडं वंश वाढवू शकली नाहीत. लहान बी लवकर वाळतं, म्हणजे झाडाने एक संकट टाळायला दुसरं पत्करलं. त्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या हिशेबातून दिसलं की मोठ्या बियांची झाडं बहुधा जड लाकडाची असतात. ती घटली की जंगलात साठणारा कार्बनही घटतो.

आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या वाटेवर रायवळ आंबा रस्त्याच्या कडेने दिसतो. त्याचा धनेश म्हणजे बैलगाडीतून जाताना कोय चोखून फेकणारा माणूस. गुराखी, बाजारला निघालेल्या बाया, शाळेतली पोरं.

म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडाला सुरू होणाऱ्या बीजगोळ्यांच्या कार्यक्रमांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मीही एकदा गेलोय. शेणमातीत बिया घालून लाडू वळले, उन्हात वाळवले, पंधरा-वीस दिवसांनी डोंगरावर भिरकावले. फोटो झकास आले. बाभूळ, बाहवा, शिरीष यांचं कडक बी हे सोसतं. पण आमच्या टोपलीत निम्म्याहून जास्त जांभूळ आणि आंबा होता. ही दोन्ही बियाणी ओली असतात. ती वाळली की मरतात, महिनोन्‌महिने थांबत नाहीत. निसर्गात वटवाघूळ किंवा उदमांजर त्यांना त्याच रात्री पोहोचवतं, आणि नेमका तेव्हाच पाऊस सुरू झालेला असतो. आम्ही वाळवलेले लाडू म्हणजे नुसती शेणमाती होती. जांभूळ खाल्लं की बी त्याच दिवशी ओल्या जमिनीत दाबावं, दुसरी युक्ती नाही. उघड्या उतारावर उंबराची एखादी मोठी फांदी लावून जगवली तर तिच्याकडे येणारे पक्षी उरलेल्या झाडांचं बघून घेतात.

द्राक्षाचं राहिलं. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीत फलन होतं, पण बी कोवळं असतानाच खुंटतं. फळ आहे, गोडी आहे, पोहोचवायला मालच नाही. पूर्ण हमाली आगाऊ चुकती! तरी हा वेल खंडं ओलांडून जगभर पसरला, कारण आपण त्याची काडी कापून दुसऱ्याच्या खुंटावर बांधतो. डॉगरीज जातीच्या खुंटावर कलमाचा डोळा भरणारा कारागीर हा त्याचा तांबट.

गाळणीतल्या रोपांपैकी चार-पाच जगली. दोन नक्की पिंपळ आहेत, पानाला शेपटी फुटली आहे. एकाच्या पानाला चोळल्यावर घाणेरीचा वास आला, ते उपटलं. मामाला पिंपळाचं रोप कुंडीतून भेट द्यावं असं मनात आहे, आजीला विचारून.